गाडीभोवतीच्या वस्तू ट्रॅक कशा करायच्या: नाशिकच्या रस्त्यावर ड्रायव्हर असिस्टचा प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

दिवाळीची सुट्टी संपली की फायनल इयरच्या पोरांचे फोन सुरू होतात, दादा आम्ही ड्रायव्हर असिस्टवर (ड्रायव्हरला धोक्याची वॉर्निंग देणारी सिस्टम) प्रोजेक्ट घेतलाय, योलो (चित्रातल्या वस्तू ओळखणारं तयार मॉडेल) चालवलं, गाड्या ओळखतंय, त्यांच्याभोवती चौकोन येतायत, आता पुढे काय करायचं. मी अंबडला गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्येच काम करतो आणि हा विषय मला मनापासून आवडतो, म्हणून फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतोय. प्रोजेक्ट नसला आणि नवीन गाडीतली वॉर्निंग नक्की कशावरून येते एवढंच समजून घ्यायचं असलं तरी वाचा, गणित फार नाहीये.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वस्तू दिसणं वेगळं आणि वस्तू लक्षात ठेवणं वेगळं. मुंबई नाक्याजवळ पुढे डावीकडे सिटीलिंकची बस थांबलीये आणि एक स्कूटरवाला बस आणि फुटपाथच्या मधल्या फटीत घुसला, तर कॅमेऱ्यासाठी तो संपला, चौकोन गायब. पण तुमच्या पाठीशी दहा वर्षांचं ड्रायव्हिंग असेल तर पाय आपोआप ब्रेककडे जातो कारण तुम्हाला माहितीये तो दोन सेकंदात बसच्या पुढून बाहेर येणार आणि कुठे येणार तेही साधारण माहितीये. ट्रॅकिंग म्हणजे हे एवढंच काम मशीनकडून करून घेणं. पोरं ऐंशी टक्के वेळ चौकोन अजून चांगला कसा येईल यात घालवतात, आणि खरा प्रोजेक्ट त्याच्या पुढे सुरू होतो.

काय घ्यायचं आणि काय नको

एक कॅमेरा, एक रडार, एक जायरो (गाडी किती वेगाने वळतेय ते मोजणारा सेन्सर) आणि हे सगळं चालवायला एक छोटा कॉम्प्युटर, बस. लायडारच्या (लेझरने अंतर मोजणारा महागडा सेन्सर) मागे लागू नका, बजेट तिथेच संपतं आणि शिकायचं राहून जातं. अल्ट्रासॉनिक, म्हणजे मागच्या बंपरमधले गोल बटणासारखे सेन्सर, १ जुलै २०१९ पासून नवीन कारमध्ये कंपल्सरीच आहेत. त्यांची पोच चार-पाच मीटरच्या वर नाही, पार्किंगला उत्तम आणि रस्त्यावर चालताना फारसे उपयोगाचे नाहीत. त्यांच्यावर काम करायचंच असेल तर तापमान मोजून घ्या, आवाजाचा वेग निफाडच्या थंडीतल्या पहाटे ८ डिग्रीला सेकंदाला ३३६ मीटर आणि मे महिन्यातल्या दुपारी ४० डिग्रीला ३५५ मीटर असतो.

कॅमेरा आणि रडार ही जोडी का, तर एकाचं जे कच्चं ते दुसऱ्याचं पक्कं. रडार अंतर आणि वेग अचूक सांगतं. गाडीच्या रडारच्या ७७ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी फक्त ३.९ मिलिमीटर आहे, समोरची वस्तू सेकंदाला १ मीटरने जवळ आली तरी परत येणाऱ्या लहरीत साधारण ५१३ हर्ट्झचा फरक पडतो आणि तो सहज मोजता येतो. पण दिशेच्या बाबतीत स्वस्तातलं रडार कमजोर. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या (टीआय) एडब्ल्यूआर१८४३ सारख्या रडार बोर्डवर आडव्या दिशेला हिशोबाने आठच अँटेना मिळतात, म्हणजे दोन वस्तू वेगळ्या ओळखायला त्यांच्यामध्ये साधारण १५ अंशांचं अंतर पाहिजे, आणि ३० मीटरवर १५ अंश म्हणजे जवळपास आठ मीटर झाले. कॉलेज रोडवर दोन मित्र गप्पा मारत शेजारी शेजारी बाईक चालवतात ना, एकाच अंतरावर एकाच स्पीडने, ते रडारला एकच वस्तू म्हणून दिसतात. कॅमेऱ्याला मात्र ते स्वच्छ दोन दिसतात, पण किती लांब आहेत ते कॅमेरा छातीठोकपणे सांगू शकत नाही.

कॅमेऱ्याचं अंतर कुठे फसतं ते एकदा आकड्यात बघाच. काचेमागे कॅमेरा रस्त्यापासून १.३ मीटर उंचीवर आहे आणि फोकल लेंग्थ १००० पिक्सेल आहे असं धरा. गाडीचं चाक जिथे रस्त्याला टेकतं तो बिंदू क्षितिजाच्या रेषेखाली जितके पिक्सेल, त्याने १३०० ला भागा, अंतर मीटरमध्ये मिळतं. ६५ पिक्सेल खाली म्हणजे २० मीटर, २६ पिक्सेल खाली म्हणजे ५० मीटर. आता चौकोनाची खालची कड एक पिक्सेल हलली तर २० मीटरवर फरक पडतो ३० सेंटीमीटरचा, पण ५० मीटरवर तोच एक पिक्सेल दोन मीटरची चूक करतो. आणि स्पीडब्रेकरवर गाडीचं नाक एक अंश जरी खाली-वर झालं तरी साडेसतरा पिक्सेल सरकतात, तेव्हा ५० मीटरवरची गाडी एका क्षणाला ३० मीटरवर वाटते आणि पुढच्या क्षणाला १५० मीटरवर. आपल्याकडे सोसायटीच्या गेटपासून मेन रोडपर्यंत किती स्पीडब्रेकर आहेत ते मोजा म्हणजे कळेल की फक्त कॅमेऱ्याच्या अंतरावर वॉर्निंग का देता येत नाही.

बसवणं आणि मोजमाप

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून पोरं घाईत उरकतात, आणि नंतर महिनाभर सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधत बसतात.

गाडीचा एक मूळबिंदू ठरवा. मी मागच्या ॲक्सलचा मध्य घेतो, पुढची दिशा एक्स, डावी दिशा वाय, वरची झेड. मागचा ॲक्सल अशासाठी की कमी स्पीडला वळताना तो बिंदू आडवा घसरत नाही, गणित सोपं राहतं. मग गाडी सपाट फरशीवर उभी करा, पाणसळ ठेवून बघा, आणि गवंडी वापरतात तो ओळंबा कॅमेऱ्यापासून, रडारपासून आणि दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून खाली सोडून फरशीवर खडूने खुणा करा. सगळी अंतरं त्या खुणांवरून टेपने मोजा. हवेत टेप धरून मोजलेलं माप दोन-तीन सेंटीमीटरने चुकतं, ते एक वेळ चालेल, पण कोन चुकलेला चालत नाही. रडार एक अंश वाकडं बसलं तर ५० मीटरवर ८७ सेंटीमीटरची चूक होते, म्हणजे शेजारच्या लेनच्या कडेने चाललेला रिक्षावाला तुमच्या लेनमध्ये आलेला दिसतो.

कोन तपासायला एक रिफ्लेक्टर बनवा, विकत घेऊ नका. ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे तीन काटकोन त्रिकोण कापा, काटकोनाच्या दोन्ही कडा १० सेंटीमीटरच्या, आणि खोलीच्या कोपऱ्यासारखे एकमेकांना काटकोनात जोडा. एवढासा तो कोपरा पण ७७ गिगाहर्ट्झला जवळपास २७ चौरस मीटरच्या वस्तूइतका चमकतो, अख्ख्या कारच्या तोडीस तोड. जोडताना गुण्या लावून बघा, काटकोन दोन-तीन अंशांनी जरी बिघडला तरी चमक खूप कमी होते. मोकळ्या मैदानात गाडीच्या बरोबर मधल्या रेषेवर दोरी ताणून, क्रिकेटच्या पीचवर मारतात तशा फक्कीने ५, १०, २०, ३० मीटरला रेघा मारा, रिफ्लेक्टर बंपरच्या उंचीवर स्टँडला लावून प्रत्येक रेघेवर ठेवा आणि रडार काय कोन सांगतंय ते लिहून घ्या. चारही ठिकाणी सारखाच कोन चुकत असेल तर रडार वाकडं आहे, तेवढा कोन वजा करून टाका. वेगवेगळा चुकत असेल तर जमिनीवरून किंवा शेजारच्या कंपाउंडवरून येणारं परावर्तन आहे, जागा बदला.

रडार बंपरच्या प्लॅस्टिकमागे चालतं पण मेटॅलिक पेंटच्या मागे नीट चालत नाही. स्वतःचा डबा करणार असाल तर एबीएस प्लॅस्टिकची जाडी साधारण १.२ मिलिमीटर किंवा त्याच्या पटीत ठेवा, कारण त्या जाडीला पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरचं परावर्तन एकमेकांना मारतं आणि लहर सरळ पार जाते.

वेळ, ज्यात माझे तीन आठवडे गेले

माझ्या पहिल्या सेटअपमध्ये समोरून येणारी प्रत्येक गाडी कॅमेऱ्यात थोडी लांब दिसायची आणि रडारमध्ये थोडी जवळ. मी फिल्टरचे, म्हणजे दोघांची मापं जुळवणाऱ्या गणिताचे (ते पुढे येतंय), आकडे बदलत राहिलो, तीन आठवडे. शेवटी कळलं की यूएसबी कॅमेऱ्याच्या बफरमध्ये चार फ्रेम साठत होत्या, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमच्या हिशोबाने मी जी फ्रेम "आत्ताची" समजत होतो ती १३० मिलीसेकंद जुनी होती. तुम्ही ६०ने जाताय, समोरचा ६०ने येतोय, तर एवढ्या वेळात मधलं अंतर सव्वाचार मीटरने कमी होतं, एक पूर्ण कारची लांबी. फिल्टर बिचारा काय करणार.

तर नियम असा की प्रत्येक मापावर ते जेव्हा घेतलं गेलं ती वेळ टाका, तुमच्या प्रोग्रॅमला जेव्हा मिळालं ती नाही, आणि सगळ्या सेन्सरना घड्याळ एकच. फ्रेम वाचायला वेगळा थ्रेड (प्रोग्रॅमचा समांतर चालणारा भाग) ठेवा म्हणजे बफर साठणार नाही. आणि तपासायची सोपी युक्ती सांगतो, मला ती खूप उशिरा सुचली. मघाचा रिफ्लेक्टर एक मीटर लांब दोरीला टांगा आणि कॅमेरा-रडारसमोर तिरका, साधारण ४५ अंशात झुलवा. एक मीटरच्या लंबकाचा जाऊन-येऊन एक झोका साधारण दोन सेकंदांचा असतो. झोक्याच्या टोकाला रिफ्लेक्टर क्षणभर थांबतो, तेव्हा रडारमध्ये वेग शून्य येतो आणि कॅमेऱ्यात तो आडवा सरकायचा थांबतो. दोन्हीचे ग्राफ एकावर एक टाका. शून्याचे क्षण जितके मागेपुढे, तितका तुमच्या घड्याळात फरक. दहा-पंधरा झोक्यांची सरासरी घेतली की पाच-दहा मिलीसेकंदांपर्यंत उत्तर मिळतं, खर्च दोरीचा.

आपली गाडी पण हलतेय

रडारला रस्त्याकडेचा विजेचा खांब तुमच्याच स्पीडने अंगावर येताना दिसतो. म्हणून आधी स्वतःचा वेग आणि वळण वजा करावं लागतं. वळणासाठी जायरो, गाडी उभी असताना पाच सेकंद त्याची सरासरी घेऊन ती वजा करत राहा नाहीतर सरळ रस्त्यावरही गाडी हळूहळू वळतेय असं तो म्हणत राहील. आणि वळण हलक्यात घेऊ नका, गाडी सेकंदाला १० अंश वळत असेल तर ४० मीटरवर उभा असलेला खांब सेकंदाला सात मीटरने आडवा पळताना दिसतो, म्हणजे द्वारका सर्कलला वळताना तुमच्या सिस्टमला सगळं नाशिक रस्ता क्रॉस करतंय असं वाटेल.

वेगासाठी ओबीडी पोर्टवरून (गाडीची तपासणी करायचं सॉकेट) येणारा आकडा पूर्ण किलोमीटरमध्ये येतो आणि सावकाश येतो. जीपीएस समृद्धीवरच्या इगतपुरीच्या जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात गेलं की संपलं. रडारकडूनच वेग काढणं सगळ्यात चांगलं. समोरच्या सगळ्या बिंदूंपैकी बरेचसे खांब, डिव्हायडर, झाडं, पाट्या असे स्थिर असतात, आणि स्थिर बिंदूचा दिसणारा वेग म्हणजे तुमचा वेग गुणिले त्या कोनाचा कोसाइन. तो वक्र ज्या जास्तीत जास्त बिंदूंना बसतो तो तुमचा वेग. जे बिंदू वक्राला बसत नाहीत ते हलणारे.

इथे एक मोह होतो आणि तो टाळायचा. स्थिर बिंदू ओळखता आले की ते सगळे फेकून द्यावेसे वाटतात, कारण स्क्रीन एकदम स्वच्छ होते. पण हायवेच्या कडेला मागे दगड लावून, लाईट बंद करून उभा असलेला ट्रकही स्थिरच असतो. कितीतरी सिस्टम उभ्या गाडीला उशिरा ओळखतात त्याचं एक मोठं कारण हेच, रडारला उभा ट्रक आणि उड्डाणपुलाचा गर्डर सारखाच वाटतो, उंची त्याला नीट कळत नाही. म्हणून स्थिर बिंदू फेकू नका, वेगळ्या यादीत ठेवा, आणि त्याच दिशेला कॅमेऱ्याने गाडी ओळखली तर लगेच ट्रॅकमध्ये घ्या.

अंदाज, दुरुस्ती आणि कोण कोणाचं

आता मुख्य भाग. प्रत्येक वस्तूसाठी चार आकडे ठेवायचे, पुढचं अंतर, आडवं अंतर आणि दोन्ही दिशांचे वेग, आणि सोबत त्या प्रत्येकावर आपला भरवसा किती ते. रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडलेला फिल्टर अजूनही या कामाला पुरून उरतो. त्याची ती मॅट्रिक्सची पाच समीकरणं बघून पोरं घाबरतात, पण आत काय होतं ते एका उदाहरणात कळतं.

समजा मागच्या क्षणावरून तुमचा अंदाज आहे की पुढची पिकअप आता ३० मीटरवर असेल, आणि या अंदाजात एक मीटर इकडे तिकडे होऊ शकतं. रडार म्हणतंय २९.४, त्याची चूक असते ०.३ मीटरची. चुकांचे वर्ग घ्या, १ आणि ०.०९. रडारला वजन मिळतं १ भागिले १.०९, म्हणजे ०.९२. अंदाज आणि माप यातला फरक ०.६, त्याच्या ०.९२ पट सरका, उत्तर २९.४५. म्हणजे जवळजवळ पूर्ण रडारचंच ऐकलं. आता रडारच्या जागी कॅमेरा असता आणि तो म्हणाला असता ३३, आणि त्याची चूक तीन मीटरची, तर वजन १ भागिले १०, म्हणजे ०.१, उत्तर ३०.३. ऐकून घेतलं पण फारसं मनावर घेतलं नाही. एवढंच आहे ते. भरवसा बघून ऐकायचं. आडव्या दिशेला हेच उलटं होतं, तिथे कॅमेऱ्याचं वजन जास्त.

दोन मापांच्या मधे ती वस्तू काय करू शकते याचाही एक आकडा द्यावा लागतो आणि तिथे आपला रस्ता दिसला पाहिजे. भरलेला ट्रक अचानक काही करत नाही, त्याच्या वेगात दर सेकंदाला, सेकंदाला १ मीटर एवढाच बदल धरला तरी पुरे. बाईकला ३ ते ४ द्या. रिक्षाला बाईकच्या जवळचा द्या, प्रवासी दिसला की ती कुठेही डावीकडे येते. सगळ्यांना एकच आकडा दिलात तर एक तर ट्रक थरथरत राहील नाहीतर बाईक निसटून जाईल.

मग प्रश्न येतो की हे नवीन माप कोणत्या जुन्या ट्रॅकचं. सगळ्यात जवळचं घेऊन टाकायचं ही पहिली कल्पना आणि ती त्या गप्पा मारणाऱ्या दोन बाईकवाल्यांपाशीच मोडते, एकाचं माप दुसऱ्याने आधी उचललं की दुसरा उपाशी. आधी प्रत्येक ट्रॅकभोवती एक कुंपण घाला, साधं अंतर मोजून नाही तर भरवशाच्या हिशोबात मोजलेलं अंतर, म्हणजे फरक नेहमीच्या चुकीच्या किती पट आहे ते. एका मापात दोन आकडे (पुढचं आणि आडवं अंतर) असतील तर त्या अंतराच्या वर्गाची मर्यादा ९.२१ ठेवा, मग शंभरातली नव्याण्णव खरी मापं आत येतात. रडारचा वेगही धरलात तर तीन आकडे झाले, मर्यादा ११.३४. कुंपणाच्या आत जे उरतात त्यांच्या जोड्या सगळ्यांचा मिळून खर्च, म्हणजे हेच अंतर, कमीत कमी होईल अशा लावायच्या, त्यासाठी हंगेरियन पद्धत आहे, हॅरॉल्ड कून यांची १९५५ ची, पायथॉनमध्ये सायपायमध्ये तयार फंक्शन मिळतं. माझं मत असं की वेग खर्चात धरणं हा सगळ्यात मोठा फायदा आहे, समोरून येणारा आणि तुम्ही जाताय त्याच दिशेने जाणारा एकमेकांच्या शेजारून गेले तरी वेगावरून कधीच घोळ होत नाही.

एक चूक इथे फार दिसते. कॅमेऱ्याने वस्तूचं नाव बदललं की पोरं ट्रॅक मारून टाकतात. कोको या प्रसिद्ध फोटोसंग्रहातल्या (योलो बहुतेकदा त्यावरच शिकलेलं असतं) ऐंशी प्रकारांमध्ये गाय आहे, हत्तीसुद्धा आहे, पण रिक्षा नाही, त्यामुळे त्या डेटावर शिकलेलं मॉडेल एकाच रिक्षाला एका फ्रेममध्ये कार म्हणतं आणि पुढच्या फ्रेममध्ये ट्रक. नाव बदललं तरी वस्तू तीच आहे. नावासाठी मतं मोजत राहा, ट्रॅक जागा आणि वेगावर चालू दे. आणि जमलं तर हैदराबादच्या ट्रिपल आयटीचा इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट घ्या, त्यात रिक्षा वेगळी आहे आणि रस्ते आपल्यासारखे आहेत.

ट्रॅकचा जन्म, वाट बघणं, मरण

नवीन माप कोणाच्याच कुंपणात बसलं नाही तर त्याचा कच्चा ट्रॅक सुरू करा, ड्रायव्हरला काही सांगू नका. पुढच्या पाचपैकी तीन वेळा दिसलं तर पक्का करा. रडारमध्ये कसारा घाटातल्या लोखंडी रेलिंगवरून आपटून आलेली भुतं असतात, ट्रक रेलिंगच्या पलीकडे दरीत चाललाय असं दिसतं, ती बरीचशी इथेच गळतात. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की कॅमेरा बाद होतो आणि रडार चालू राहतं, तेव्हा फक्त रडारवरून पक्का करायला पाचपैकी चार मागा.

पक्का झालेला ट्रॅक दिसेनासा झाला की लगेच मारायचा नाही, ही सगळ्या लेखातली महत्त्वाची ओळ आहे. त्याला अंदाजावर चालू द्या. दर क्षणाला भरवसा कमी होत जातो, कुंपण मोठं होत जातं. मोकळ्या रस्त्यावर गायब झाला तर एक सेकंद वाट बघा. पण तो जिथे असायला हवा ती जागा दुसऱ्या मोठ्या ट्रॅकच्या आड येत असेल, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यापासून त्याच्याकडे ओढलेली रेघ बसच्या चौकोनातून जात असेल, तर न दिसणं हा तो नसल्याचा पुरावाच नाही, तीन सेकंद थांबा. सुरुवातीचा तो स्कूटरवाला याच तीन सेकंदांत सांभाळला जातो. बसच्या पुढून तो बाहेर येतो तेव्हा नवीन वस्तू म्हणून पाचपैकी तीनची वाट बघत बसावं लागत नाही, पहिल्याच फ्रेमला तो जुना पक्का ट्रॅक म्हणून हजर असतो. जागेची शंका तीन मीटरच्या वर गेली की मात्र मारून टाका, नाहीतर भुतांचा बाजार भरतो.

पौष महिन्यात त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांच्या यात्रेला दिंड्या निघतात, त्र्यंबक रोडच्या कडेने पन्नास-शंभर माणसं ओळीने, पताका, टाळ, विणेकरी. प्रत्येक वारकऱ्याचा वेगळा ट्रॅक ठेवायला गेलात तर नंबर सतत अदलाबदल होतात आणि कॉम्प्युटर धापा टाकतो. तिथे अख्ख्या दिंडीचा एक लांबट गट म्हणून ट्रॅक ठेवा, त्याची रस्त्याकडची कड कुठे आहे आणि ती कड तुमच्याकडे सरकतेय का एवढंच मोजा. गटातून एखादा माणूस कडेपासून अर्धा मीटर बाहेर आला की त्याला वेगळा काढा. मेंढरांच्या कळपालाही हेच लागू पडतं.

द्राक्षांच्या सीझनमध्ये दिंडोरी रोडला आणि कांद्याच्या दिवसांत लासलगाव-पिंपळगावकडे रात्री ट्रॅक्टर-ट्रॉली असतात, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर धुळीने भरलेला. कॅमेऱ्याला अंधार दिसतो. रडारला एकच ट्रॉली चार-पाच बिंदू म्हणून दिसते, ॲक्सल, फळका, ट्रॅक्टरचं मागचं चाक, आणि फिरत्या चाकाच्या बिंदूंचा वेग वेगळाच येतो. एकाच गतीने चाललेले दोन-अडीच मीटरच्या आतले बिंदू आधी एकत्र बांधा आणि मगच ट्रॅकरला द्या. अंतरासाठी त्यातला सगळ्यात जवळचा बिंदू धरा, मधला नको, कारण तुम्ही धडकणार ते ट्रॉलीच्या मागच्या फळक्याला.

वॉर्निंग

अंतर भागिले जवळ येण्याचा वेग, म्हणजे धडकेला किती सेकंद उरलेत. ३० मीटर आणि सेकंदाला १० मीटरने जवळ, तीन सेकंद. माणसाला दचकून ब्रेकवर पाय न्यायलाच एक ते दीड सेकंद लागतो आणि ६०च्या स्पीडला दीड सेकंदात गाडी २५ मीटर जाते, म्हणून अडीच सेकंदांच्या आसपास बझर वाजला पाहिजे. पण वाजवण्याआधी वस्तू तुमच्या वाटेत आहे का बघा, गाडीचा वेग भागिले वळण्याचा वेग म्हणजे तुमच्या वाटेची त्रिज्या, त्या वाटेच्या बाहेरचा खांब कितीही जवळ असला तरी गप्प बसा. माझ्या वडिलांनी पहिल्या आठवड्यात बझरची वायर काढून टाकली होती कारण गंगापूर रोडला तो दर मिनिटाला वाजायचा. खोटी वॉर्निंग देणारी सिस्टम बंदच केली जाते आणि बंद सिस्टमने कोणी वाचत नाही.

ब्रेकला आणि स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये फक्त बझर आणि एक लाईट, ही अट मी प्रत्येकाला पहिल्याच फोनवर घालतो आणि ऐकत नाहीत त्यांना पुढची मदत करत नाही. टेस्टिंगला गाडी चालवणारा एक आणि लॅपटॉप बघणारा दुसरा, चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही.

टेस्ट मैदानात सुरू करा, पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्याला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून दोरीने ओढा, फक्कीच्या रेघांवरून खरं अंतर कळतंच. मग रविवारी सकाळी सातपूर एमआयडीसीच्या रिकाम्या गल्ल्या, मग शहर. रस्त्यावर फक्त रेकॉर्ड करा आणि घरी येऊन तोच डेटा पुन्हा पुन्हा चालवा, म्हणजे एक आकडा बदलला की नक्की काय बदललं ते कळतं.

आणि मोजायचं काय, तर स्क्रीनवर किती चौकोन आले ते नाही. वरून बघितल्यासारखा नकाशा काढा, प्रत्येक ट्रॅकला नंबर द्या, दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये एकाच वस्तूचा नंबर किती वेळा बदलला ते हाताने मोजा. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मुंबई नाका ते द्वारका एवढ्या पट्ट्यात एका निळ्या रिक्षाला अकरा नंबर मिळाले होते. वेळ दुरुस्त केल्यावर चार झाले, आडोशाचा नियम घातल्यावर एक.